हंसाच्या टाकाचे डोळे

१

सकाळी माझा नवरा कपिल कापसाच्या जिनिंगवर जातो, गंगी अंगणवाडीत जाते, सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, देवाला फूल वाहून अंगणातल्या बाजेवर बसतात, की माझं दुकान उघडतं. दुकान म्हणजे काय, तर स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा ओटा. एका टोकाला गॅसची शेगडी, दुसऱ्या टोकाला माझी हातोडी, चिमटे, सळया, पत्रा रुतवायची राळेची वाटी. वरच्या फळीवर चांदी उजळायच्या तेजाबाची, ॲसिडची बाटली. वरणाला फोडणी देता देता मी चांदीवर टाकणखार भुरभुरून ती तापवते. आत्याबाई म्हणतात, "एक दिवस वरनात टाकणखार टाकशीन तू." अजून टाकला नाही.

मी गळ्यातली पेंडलं घडवते. कापसाच्या बोंडाचं, पळसाच्या पानाचं, कोणाला नावाचं अक्षर हवं असलं तर त्याचं. फोनवर फोटो टाकते आणि पुसद, यवतमाळकडून बायका मागवतात. आमच्या महागावातल्या बायका मात्र घरी येऊन, हातात घेऊन, दोनदा दातांनी चावून पाहतात आणि मगच घेतात. हातात काचेच्या बांगड्या मी घालत नाही. तापलेली सळई लागली की तडकतात, आणि तुकडा उडाला तर डोळाच जायचा. सवाष्णीचे हात असे भुंडे बरे दिसतात का, म्हणून आत्याबाई सुरुवातीला कुरकुरल्या. मग सोडून दिलं.

मी मूळची केळापूरची. बापूजी, म्हणजे माझे वडील, टाक घडवायचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर मागून ठोकून उठवलेला चेहरा. खंडोबाचा, भवानीचा, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाचा. हे काम मी त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले. त्यांचा एक नियम होता. देवाच्या टाकाचे डोळे उघडे ठेवायचे, गेलेल्या माणसाचे मिटलेले. "देवानं आपल्याकडं पाहावं म्हणून त्याले घडवतो," ते म्हणायचे, "अन् गेलेल्यानं निवांत झोपावं म्हणून त्याले." इतकं साधं होतं ते.

कपिलशी माझं लग्न झालं तेव्हा माझं लग्नाचं वय उलटत आलं होतं. मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि मी ते कपिलच्या तोंडावर सांगून टाकलेलं. तो म्हणाला, "माह्याजवळ एक हाये ना. तिले आई पाह्यजे." त्याची पहिली बायको हंसा डेंग्यूच्या तापात गेली होती. मागं ही एवढीशी गंगी. तिच्यासाठीच मी या घरात आले असं म्हटलं तरी चालेल. जगात मला आई म्हणणारं कोणी असलं तर ते हेच लेकरू, दुसरं कोणी नाही. पण ती मला मावशी म्हणायची, आणि तेही लांबून.

आमच्यात रीत आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. आत्याबाई म्हणाल्या, बाजारातून करून आणू. मी उसळलेच. "माह्या घरी चांदीचं काम, अन् सवत काय बाजारातून आणू?" आत्याबाई पदरात तोंड घालून हसल्या. हंसाचे पैंजण ठेवलेले होते, ते आटवले, पत्रा काढला. समोर तिचा लग्नातला फोटो ठेवला. गोल चेहरा, हनुवटीवर खळी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. चुडा काही टाकात मावणार नव्हता, म्हणून नुसता चेहरा घेतला. पापण्यांच्या दोन बारीक रेघा ओढून डोळे मिटलेले ठेवले.

काम झालं तेव्हा गंगी ओट्यापाशी आली. आपणहून, पहिल्यांदा. टाच उंच करून तिनं पाहिलं.

"आई झोपली?"

"हो वो माय."

"उठव ना तिले."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी टाक पुन्हा राळेवर बसवला, बारीक सळई घेतली आणि तिळाएवढे डोळे उघडले. आत बुबुळाचा एकेक टिंब दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण गंगी माझ्या मांडीवर चढून बसली, टाकाला गाल लावला, आणि माझ्या मनात बापूजींचा नियम आलासुद्धा नाही.

२

टाक गळ्यात आला तशी त्याची रीतही आली. जेवताना पहिला घास तिला दाखवायचा. नवीन साडी आधी तिला लावायची, मग आपण नेसायची. मी सगळं करत होते आणि मनापासून करत होते. गेलेल्या बाईशी कसली आली भांडणं? ती काही नळावर माझी घागर सरकवायला येणार नव्हती.

एका सकाळी मी आरशासमोर वेणी घालत होते. गंगी खिडकीपाशी बसून दुधात पोळी कुस्करून खात होती. सहज माझी नजर आरशातल्या टाकावर गेली. टाकाचे डोळे खिडकीकडं होते.

मी ते समोर पाहणारे घडवले होते, याची मला खात्री होती. बुबुळ मधोमध बसलं नाही तर चेहरा तिरळा होतो, आणि तिरळा टाक घडवला म्हणून बापूजींनी मला एकदा दिवसभर बोलणी घातली होती. फोनमध्ये टाकाचा फोटो होता, तो काढून पाहिला. त्यात डोळे सरळ होते. मी मनाशी म्हटलं, रिठ्याच्या पाण्यानं घासताना एका बाजूनं जास्त घासलं गेलं असेल. चांदी नरम असते, घासली की झिजते.

तेवढ्यात गंगी उठली आणि वाटी ठेवायला मोरीकडं गेली. खिडकी माझ्या एका हाताला, मोरी दुसऱ्या. मी अर्धी वेणी मुठीत धरून आरशात पाहत राहिले. डोळे हलताना काही दिसलं नाही. पण ती मोरीपाशी पोचली तेव्हा ते मोरीकडं होते.

मी खाली बसले. खिडकीतून ऊन येतं, गंगी हलली तशी सावली हलली असेल, चांदीवर उजेड फिरला की असं दिसतं, हे सगळं मी स्वतःला समजावलं. मग उठून खिडकी लावून पाहिली. उजेड नव्हता, सावली नव्हती. डोळे मोरीकडंच होते.

संध्याकाळी कपिलला दाखवलं. त्यानं टाक उलटसुलट करून पाहिला. "चांगला तं हाये. काहून?" काही नाही म्हटलं. नवीन साडी नेसले तरी ज्याला दिवाळीपर्यंत कळत नाही, त्याला तिळाएवढे डोळे काय दिसणार!

आत्याबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला. टाक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. गंगी अंगणात लंगडी घालत होती, तिच्या पायांचा थप थप आवाज येत होता. आत्याबाईंनी एकदा टाकाकडं पाहिलं, एकदा अंगणाकडं, आणि माझाच पदर ओढून टाकावर घातला.

"साजरा केला वो," म्हणाल्या. आणि वाती वळायला लागल्या.

खरं सांगू? त्या नजरेत भीती वाटावी असं काहीच नव्हतं. पाळण्यातल्या लेकराकडं आई पाहते तशी ती नजर होती. मला धडकी भरली ती त्याचीच. जिथं पाहायला कोणी नाही तिथून इतक्या मायेनं कोणी पाहत होतं, आणि ते माझ्या छातीवर बसलं होतं.

३

दिवाळीच्या आधी माझ्याकडं कामाची गर्दी होते. त्या दिवसांत तेजाबाच्या बाटलीचं झाकण फुटलं. दुसरी बाटली आणायला सवड नव्हती, म्हणून मी ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि ओट्याखाली पोत्यामागं ठेवलं. संध्याकाळी वर ठेवू म्हटलं. रविवार होता, अंगणवाडी बंद होती, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मी जोडकामाची गॅसबत्ती पेटवून एका बोंडाच्या पेंडलाला कडी जोडत होते. बत्तीचा फुस्स आवाज घरभर. दुसरं काही ऐकू येत नाही तेव्हा. अचानक छातीवर चटका बसला. वाटलं, ठिणगी उडाली. पण ठिणगी विझते, हा चटका वाढत गेला. मी दोऱ्याला धरून टाक वर उचलला. तापलेला होता, इतका की बोटं भाजली. आणि डोळे पार खाली गेलेले, बुबुळं खालच्या पापणीला टेकलेली.

मी वाकून ओट्याखाली पाहिलं. गंगी पोत्यामागं मांडी घालून बसली होती. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात बाटली, आणि बाटली ओठांशी.

मी कशी झेपावले ते मला आठवत नाही. बाटली हातातून उडाली. फरशीवर फेस उठला, पोत्याला भोक पडलं, माझ्या साडीच्या निऱ्या जळाल्या. गंगीच्या अंगावर थेंब नव्हता. मी तिचे ओठ पुसले, जीभ बाहेर काढायला लावली, बोटं हुंगली, पुन्हा ओठ पुसले. ती भेदरून रडायला लागली आणि तिच्याबरोबर मीही. आत्याबाई धावत आल्या. "काय झालं वो? काय झालं?" मी फेसाळलेल्या फरशीकडं बोट केलं.

मग पोरीला आत्याबाईंच्या कुशीत देऊन मी आरशासमोर गेले. छातीवर रुपयाएवढा लाल चट्टा होता. टाक आता गार झाला होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, हंसा, तुझे उपकार कसे फेडू मी? आणि म्हणता म्हणता माझं लक्ष डोळ्यांकडं गेलं.

इतके दिवस ते गंगीकडं पाहत होते. माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते वर वळले होते, माझ्या तोंडाकडं. आणि ती पाळण्यातल्या लेकराकडं पाहणारी नजर नव्हती.

४

"डोळे मीट तिचे, दिपाली," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो, आणि चटक्याचं, डोळ्यांचं सगळं मी त्यांना सांगितलं होतं. मी हात थांबवला. "तुम्हाले दिसलं होतं?"

"मले त्याच दिवशी दिसलं. पोट्टी हासून राह्यलती, म्हणून बोलली नाही मी. वाटलं, पाहून घेऊ दे हंसाले. लेकराचं मन भरून पाहणं राह्यलंच होतं तिचं." त्यांनी एक शेंग नुसतीच चोळली. "चांगली होती वो ती. माह्या पोटच्या पोरीवानी होती. पण आता ती त्या घरची. आज तिनं पोरीले वाचवलं. उद्या तिले वाटन का दिपालीजवळ ठेवण्यापेक्षा माह्याजवळच बरी. मंग काय करशीन?"

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवसापासून मला दुसरा विचार सुचेना. गंगी शिंकली तरी मी टाकाकडं पाहायची. ती विहिरीच्या बाजूनं गेली तर टाकावर हात ठेवायची, तापला का म्हणून. बरं, टाक तापला तर संकट, आणि नाही तापला तर? तर ती नुसती पाहत बसली असेल, आपल्याकडं येऊ देत असेल पोरीला. अशी माणसाची मती फिरते.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती मी आत्याबाईंना बोलले नाही.

गंगी आता रोज माझ्या मांडीवर यायची. मला केवढा आनंद व्हायचा! मी हातातलं काम टाकून तिला घ्यायची. ती माझ्या छातीशी तोंड नेऊन हळू आवाजात सगळं सांगायची. अंगणवाडीतल्या बाईनं कोणाला मारलं, शेजारच्या शेळीला किती पिल्लं झाली, कोणती रिबिन पाहिजे. मी "हो का वो?" म्हणायची, तर ती मान वर करून माझ्याकडं अशी पाहायची, जसं काही मी दोघींच्या मध्येच बोलले. मग पुन्हा टाकाशी बोलायची. एकदा मी टाक धुवायला काढून ठेवला होता. गंगी धावत आली, माझा रिकामा गळा पाहिला आणि आल्या पावली परत गेली.

म्हणजे मी कोण? मी खुंटी. जिच्यावर तिची आई टांगली होती ती खुंटी. इतका राग आला मला! गेलेल्या बाईचा, लेकराचा, स्वतःचा. डोळे मिटायचे ठरवले ते मी भीतीनं ठरवले असं मी आत्याबाईंना सांगितलं. अर्धं खरं होतं ते.

५

गंगी अंगणवाडीत गेली होती. आत्याबाई कोणाकडं तरी हळदीला गेल्या होत्या. मी दुपारी ओट्यावरचं सगळं आवरलं, शेगडी पुसली, आणि टाक गळ्यातून काढला.

राळ गरम करून त्यावर टाक बसवला. काम अवघड नव्हतं. बुबुळाचा टिंब दाबून सपाट करायचा, वरून पापणी ओढायची. शिकाऊ पोरही करेल. पण मी सळई धरली आणि टाकाचे डोळे खिडकीकडं, खिडकीबाहेर, अंगणवाडीच्या रस्त्याकडं होते. शाळेत सोडलेल्या लेकराची वाट पाहणाऱ्या बाया असतात ना दारात, तसे.

माझा राग तिथंच गेला. काय मागत होती ती बिचारी? मी जे मागत होते तेच.

"हंसा," मी म्हटलं. रिकाम्या घरात माझा आवाज मलाच मोठा वाटला. "रागावू नको बाई. चूक माही होती. बाटली मी खाली ठेवली. आता नाही होणार तसं. तू लय थकली असशीन. मी पाहीन तिले. तुह्यासारखी पाहीन. तू नीज आता."

आणि हातोडी मारली.

चांदी ठोकत गेलं की कडक होते. मग तिला पुन्हा तापवून नरम करावं लागतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ही चांदी नरमच राहिली. सळई टेकवली की पापणी आपणहून खाली येत होती, झोप आलेल्या माणसाची येते तशी. एक डोळा मिटला. दुसऱ्याचं बुबुळ अर्धं झाकलं तेव्हा ते माझ्याकडं वळलं. मी पाहिलं ते. वळताना पाहिलं, या वेळी. त्यात राग नव्हता. कामावरून घरी जाणारी बाई दुसरीच्या हातात किल्ली देते, तेव्हा एकदा तोंडाकडं पाहते ना, तसं ते पाहणं होतं.

मग पापणी मिटली. बाहेर चिमण्या ओरडत होत्या त्या तशाच ओरडत राहिल्या. मी टाक रिठ्याच्या पाण्यानं धुतला आणि गळ्यात घातला. गार होता.

गंगी घरी आली, माझ्या मांडीवर चढली आणि टाक हातात घेतला. 

"आई झोपली?"

"हो वो माय. दमली होती."

मला वाटलं, आता म्हणेल उठव. ती नाही म्हणाली. तिनं टाक सोडून दिला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात. मग "भूक लागली," म्हणून उतरून गेली.

६

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करत होते. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि मला गंगी दिसली.

आठवण येते तशी नाही. समोर बसलेली. अंगणवाडीची निळी चटई, मांडीवर खिचडीची ताटली, केसाला लाल चाप. तिच्या बाजूच्या पोरानं कोपर मारलं, ताटली कलंडली, खिचडी फ्रॉकवर सांडली. गंगीचा खालचा ओठ बाहेर आला. मी डोळे उघडले. साबण डोळ्यात गेला, झोंबलं, समोर न्हाणीची भिंत आणि बादली.

मनाचे खेळ, मी म्हटलं. सारखा तिचा विचार करते, मग दिसणारच. तिच्या यायच्या वेळी दारात उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी मी उभी राहिले. गंगी आली. फ्रॉकवर पिवळा डाग होता.

"आज माह्यावाली खिचडी सांडली," ती म्हणाली. "बाजूच्या पोरानं कोपर मारलं ना?" मी विचारून गेले. तिनं मला कसं माहीत म्हणून विचारलं नाही, फ्रॉक बदलायला नुसते हात वर केले.

तेव्हापासून हे असंच आहे. पापणी लवते तेवढ्यात दिसत नाही. पण मिटून ठेवली की ती दिसते. कुठंही असो. देवासमोर हात जोडून डोळे मिटते तर गंगी दिसते, देव नाही. दुपारी जरा आडवी होते तर अंगणात मातीची भांडी मांडणारी गंगी. म्हटलं तर किती सुखाचं आहे. कोणत्या आईला नको असेल असं? मला तिची काळजीच उरली नाही. दोनदा ती पडायच्या आत मी पोचले होते. आत्याबाई म्हणाल्या, "तुह्या पाठीले डोळे हायेत काय वो?" मी हसले. आत्याबाई नाही हसल्या.

आता झोप म्हणावी तशी लागत नाही मला. डोळे मिटणं म्हणजे झोपणं नाहीच राहिलं. कपिल म्हणतो, चष्म्याचा नंबर आला असेल, यवतमाळला दाखवून येऊ. येऊ म्हणते.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. एके दिवशी गंगी दुपारी आतल्या खोलीत झोपली होती. मी इकडं ओट्यापाशी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. मला ती दिसत होती, तोंडात अंगठा, पांघरूण पायापाशी गोळा झालेलं. थंडी पडायला लागली होती. मनात आलं, उठून पांघरूण घालावं. मी उठायच्या आधी पांघरूण वर सरकलं.

ते एका हातानं ओढलं. मी जिथून पाहत होते तिथूनच तो हात पुढं गेला होता, आपला हात आपल्यासमोर जातो तसा. त्यानं पांघरूण गळ्यापर्यंत नीट घेतलं, गंगीच्या कपाळावरचे केस मागं केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. त्या वाजल्या. तो आवाज आतल्या खोलीतून, उघड्या दारातून आला, मी माझ्या कानांनी ऐकला.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. भुंडे.

मी आत गेले. गंगी एकटी झोपली होती. पांघरूण गळ्यापर्यंत होतं.

७

हे सगळं कोणाला सांगावं? बापूजी असते तर त्यांना विचारलं असतं की मिटलेले डोळे कुठं पाहतात. आत्याबाईंना सांगितलं तर त्या टाक नदीत सोडायला लावतील. एकदा मी तसं करायला निघालेसुद्धा. दोरा गळ्यातून काढला, पिशवीत ठेवला, चप्पल घातली. दारात डोळे मिटून पाहिलं. गंगी दिसलीच. म्हणजे टाकात काही उरलं नव्हतं. चांदी नुसती चांदी होती. मी तो परत गळ्यात घातला आणि भाकरी टाकायला बसले.

काल संध्याकाळची गोष्ट. मी ओट्यापाशी बसून पळसाच्या पानाच्या शिरा ओढत होते. आत्याबाई चुलीपाशी वांगी भाजत होत्या. कपिल अजून यायचा होता. गंगी अंगणात खेळत होती.

आणि तिनं हाक मारली.

"आई!"

वर्षभर मी या हाकेसाठी कान लावून बसले होते. गंगीनं ती अशी मारली की जशी रोजच मारते, काहीतरी दाखवायचं आहे म्हणून, घाईची. माझ्या हातातली सळई खाली पडली. मी ओ द्यायला तोंड उघडलं.

माझ्या आधी ओ गेली होती. गोड, जरा नाकातली, शेवट लांबवणारी. माझा आवाज घोगरा आहे. ती ओ माझ्याच गळ्यातून आली होती.

आत्याबाईंच्या हातातलं वांगं विस्तवात पडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. भीतीनं की कशानं, मला नाही सांगता येणार. ती ओ त्यांच्या ओळखीची होती एवढं मात्र मला कळलं.

गंगी धावत आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं, पिकलेलं बोर असेल. ती टाकाकडं गेली नाही. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं, ओळखीचं हसली, आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. "आई, पाह्य ना, पाह्य ना." मी तिला घट्ट धरलं. कोणतं माणूस अशा वेळी डोळे उघडे ठेवतं? मी मिटले.

मला गंगीची पाठ दिसली. तिच्यावर माझे दोन हात, चांदीनं काळी झालेली बोटं, भुंडी मनगटं. आणि त्या हातांवर आणखी दोन हात, हिरव्या चुड्याचे, माझ्या हातांसकट पोरीला कवटाळून धरलेले. गरम होते ते.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर दोनच हात दिसले असते.